आखाजी ते आखाजी: घोडीच्या पायाचा हिशेब

शहादा तालुक्यातल्या एका घोडीमालक भावाने विचारलं आहे. प्रश्न थोडक्यात असा: पाच वर्षांची मारवाडी घोडी. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) लग्नात वरातीपुढे नाचताना डांबरी रस्त्यावर पुढचा उजवा पाय घसरला. रात्रीतून गुडघ्याखाली, नळीच्या मागच्या अंगाला सूज चढली आणि घोडी पाय टेकवेना. थोडं खरचटलंही होतं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, सूज बरीच उतरली, खरचटलेलं भरलं. आज तीन आठवड्यांनी ती चारही पायांवर उभी राहते, चालताना लंगडत नाही. डॉक्टर म्हणतात वर्षभर काम नको. गावातले एक जुने जाणकार म्हणतात तापल्या लोखंडाने पायाला डाग द्या, दोन महिन्यांत पळेल. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई उघडते, तेव्हा तिला उभी करता येईल का? नाहीतर सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात विकून टाकू का?

भाऊ, मी धुळे-नंदुरबार भागात सव्वीस वर्षं पशुवैद्यक म्हणून काम करतोय. रोजचं काम गाई-म्हशींचं. पण सारंगखेडा जवळ असल्यामुळे घोडे हाताखालून बरेच गेले, आणि त्यातले निम्मे पायाचेच. त्यावरून सांगतो. तुमच्या प्रश्नात विचारलंय पाय कसा बरा करायचा ते. खरी अडचण वेगळी आहे. ती अडचण म्हणजे बरी दिसणारी घोडी बरी होईपर्यंत थांबवायची कशी. पहिल्या आठवड्यात कोणी मालक चुकत नाही, कारण जनावराचे हाल डोळ्यांसमोर असतात. चुका होतात त्या तिसऱ्या आठवड्यापासून पुढे, आणि तुम्ही आज नेमके तिथे उभे आहात.

आधी हे सांगायला हवं की घोडी मी पाहिलेली नाही. नळीच्या मागे सूज, डांबरावर घसरणं, दोन-तीन आठवड्यांत लंगडणं थांबणं, या वर्णनावरून माझा अंदाज असा की नळीमागची कंडरा दुखावली आहे. आपल्याकडे तिला 'पाठची नस' म्हणतात, पण ती नस नव्हे. खुराला मागून धरून ठेवणारा तो जाड दोर आहे. मात्र हाडाला बारीक चीर गेली असली तरी सुरुवातीला असंच दिसू शकतं, आणि अशी चीर पहिल्या एक्स-रेत कित्येकदा दिसत नाही. दहा ते चौदा दिवसांनी, कडेचं हाड थोडं झिजल्यावर, ती उमटते. तुमचा एक्स-रे पहिल्याच दिवशी काढून 'हाड ठीक आहे' असं सांगितलं असेल तर आता एकदा पुन्हा काढा. हाडाला चीर असेल तर पुढे मी सांगतोय ते चालवणं तसंच्या तसं लागू होणार नाही.

खरचटलेलं भरलं हे चांगलं झालं. तरी धनुर्वाताची लस दिली होती का, ते डॉक्टरांना विचारून घ्या. घोडा धनुर्वाताला फार नाजूक असतो, रस्त्यावरच्या लहानशा ओरखड्यातूनही तो होतो. आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो: जखम सांध्याजवळ असेल आणि तिच्यातून मधासारखा चिकट, पिवळसर द्राव येत असेल तर ती कितीही लहान दिसो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सांध्यात जंतू शिरले की गोष्ट तासांवर येते. काटेरी तारेने आणि शेतातल्या ठिबकच्या नळ्यांत अडकून कापलेले पाय मी असे बरेच पाहिलेत. त्यांतले जे वाचले नाहीत, त्यांच्यावर पहिले दोन दिवस हळद, चुना किंवा जळकं ऑइल भरलेलं होतं.

आता कंडरेकडे येतो, कारण तिचा स्वभाव कळला की वर्षभराचा हिशेब आपोआप कळतो. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस नाही. हात फिरवून बघा: कातडी, हाड आणि दोर, एवढंच. मांस नाही म्हणून रक्तही कमी, आणि रक्त कमी म्हणून भरणं संथ. तरी अंगाचा साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. घोडा भरधाव पळतो तेव्हा ही कंडरा रबरासारखी ताणते, आपल्या लांबीच्या दहा टक्क्यांहूनही जास्त, आणि तुटण्याच्या मर्यादेला जवळजवळ भिडून परत येते. त्या वेळी तिच्या गाभ्यातली उष्णता ४५ अंशांपर्यंत चढते. जळगावचा मे महिना दोराच्या आत भरलेला असतो म्हणा ना. म्हणून ती बहुधा मध्यातून फाटते, बाहेरून दोर अखंड दिसतो.

फाटलेल्या जागी पहिले काही दिवस सूज आणि ठणका असतो. मग शरीर तिथे घाईघाईने नवे धागे भरतं. पण हे धागे कच्चे असतात आणि वेडेवाकडे, गुंतलेल्या सुतासारखे पडलेले असतात. ठणका थांबतो, लंगडणं थांबतं, आणि दोर मात्र सुताच्या गुंत्यावर टिकलेला असतो. पुढच्या महिन्यांत ते धागे हळूहळू सरळ, एका दिशेने आणि घट्ट होत जातात. या कामाला नऊ महिने ते वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. शिवाय नुसतं उभं ठेवून ते धागे सरळ होत नाहीत, त्यांना बेताचा ताण लागतो. ताण अजिबात नसेल तर गुंता तसाच राहतो, जास्त झाला तर तुटतो. आपल्याला सांभाळायचंय ते या दोहोंच्या मधलं अंतर.

म्हणून मी मालकांना महिने मोजायला सांगत नाही, सण मोजायला सांगतो. आखाजीला पाय दुखावला, तर पुढची आखाजी. मधे तुळशीचं लग्न येईल, दत्तजयंती येईल, घोडी ठाणावर, म्हणजे बांधायच्या जागी, उड्या मारेल. तरी आखाजी ते आखाजी.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, असं म्हटलं तरी चालेल. नोकरीच्या सातव्या वर्षी शिरपूरकडच्या एका मालकाचा नुकरा (पांढरा) घोडा माझ्याकडे होता. अशीच कंडरा. चौथ्या महिन्यात मालक आला, म्हणाला, "डॉक्टर, आते ते चांगली चाल शे ना त्याची!" मी दुडकी चालवून पाहिली. पाऊल एकसारखं पडत होतं. पाय गार होता. घरात मुलीचं लग्न होतं, पैशाची ओढ दिसत होती, मी हो म्हटलं. तिसऱ्या वरातीत कंडरा आरपार गेली. खुरावरचा सांधा रस्त्याला टेकला. तो घोडा पुन्हा कधी कामाचा झाला नाही. होकार माझा होता. तेव्हापासून लंगडणं थांबलंय या एका खुणेवर मी कोणालाही परवानगी देत नाही.

मग कशावर देतो? सोनोग्राफीवर. कंडरेच्या गाभ्यात फाटलेली जागा काळी दिसते, भरत आली की करडी होते आणि धाग्यांच्या रेषा दिसू लागतात. त्यासाठी मोठा दवाखानाच हवा असं नाही. गाई-म्हशींची गाभण तपासणी करायला जी सोनोग्राफीची मशीन वापरतात, तिचा लांबट प्रोब नळीमागे लावून कंडरा बऱ्यापैकी दिसते. तुमच्या भागात कुणा पशुवैद्यकाकडे ती असेल तर विचारून बघा. नसेल तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय शिरपूर-सेंधव्याच्या रस्त्याने गाठता येतं, आणि इकडे अकोल्याला पशुवैद्यक संस्था आहे. मात्र एवढ्यासाठी आत्ता घोडीला टेम्पोत घालून घाटातून नेऊ नका. गाडीत तोल सांभाळताना पायांवर बराच ताण येतो. आधी जवळपास मशीन शोधा. पहिला स्कॅन आत्ताच, तीन आठवड्यांना, योग्य वेळी होईल, कारण फाटलेली जागा पहिल्या काही दिवसांत मोठी होत जाते आणि फार लवकर काढलेला स्कॅन फसवतो. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी, आणि काम वाढवायच्या आधी प्रत्येक वेळी.

डाग देण्याबद्दल. गावातल्या जाणकारांचा अनादर करायचा नाही. घोड्याच्या चालीतलं त्यांना जे दिसतं ते कित्येक नव्या डॉक्टरांना दिसत नाही. पण डागाने कंडरा भरत नाही. ही पद्धत युरोपातही शेकडो वर्षं होती. १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये तिची नीट तपासणी झाली, तेव्हा डाग दिलेल्या कंडरा न दिलेल्यांपेक्षा चांगल्या भरल्या नाहीत, उलट कातडीचं नुकसान झालं. मग डागाने गुण आलेले घोडे लोकांनी पाहिले ते खोटे का? नाहीत. डाग दिला की जखम सुकेपर्यंत घोडा कामाला काढता येत नाही, महिनोन्‌महिने बांधून राहतो. तो गुण विश्रांतीचा होता. ती विश्रांती तुम्ही भाजल्याशिवाय देऊ शकता.

औषधांचं दोन वाक्यांत सांगत नाही, कारण तिथे गैरसमज फार आहेत. सूज आणि वेदना कमी करणारी इंजेक्शनं पहिल्या काही दिवसांत गरजेचीच असतात. तुमच्या डॉक्टरांनी दिली ते बरोबर केलं. पण तीन आठवड्यांनंतर, घोडी चालत असताना, ती चालू ठेवायची नाहीत. फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक दिवसांमागून दिवस दिलं की पोटात व्रण पडतात. शिवाय वेदना हा आपला पहारेकरी आहे, त्याला झोपवून घोडी चालवायची नाही. मेडिकलमधून 'डेक्सा' हे स्टेरॉइड आणून स्वतः टोचण्याची सवय गावोगाव आहे. ती घोड्याच्या बाबतीत फार धोक्याची. त्याने खुरांचा दाह उसळू शकतो. आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन कंडरेतच दिलं तर दोर आणखी कमकुवत होतो. डायक्लोफिनॅक तर जनावरांना द्यायचंच नाही. ते गिधाडांचा जीव घेतं म्हणून २००६ पासून जनावरांसाठी बंद आहे, तरी माणसांच्या गोळ्या-इंजेक्शनांतून अजून दिलं जातं. मेलॉक्सिकॅम आहे, डॉक्टर ते देऊ शकतात.

पुण्या-मुंबईच्या शर्यतीच्या घोड्यांना रक्तातले घटक किंवा पेशी काढून कंडरेत सोडण्याचे उपचार करतात. परवडत असेल आणि स्कॅनमध्ये मधोमध मोठी पोकळी असेल तर विचारायला हरकत नाही. भरण्याचा दर्जा त्याने सुधारू शकतो, पण वर्षाचे चार महिने होत नाहीत.

आता ज्याकडे बहुतेक मालकांचं लक्ष नसतं तिकडे वळतो. दुखरा पाय सगळे बघतात. तुम्ही दुसरा बघा. घोड्याला माणसासारखं आडवं ठेवता येत नाही. तो चार पायांवर उभा राहून जगणारा प्राणी आहे, झोपही बरीचशी उभ्यानेच काढतो. एक पाय उचलून धरला की शेजारच्या पायावर दिवसरात्र भार पडतो. खुराच्या कवचाला आतल्या हाडाशी बांधून ठेवणारे बारीक पदर असतात, पाय उचलला-टेकवला की त्यांच्यात रक्त खेळतं. तो खेळ थांबला की पदर मरतात, हाड कवचापासून सुटतं. याला लॅमिनायटिस म्हणतात. अमेरिकेत २००६ साली केंटकी डर्बी जिंकलेल्या बार्बारो नावाच्या घोड्याचा मागचा उजवा पाय पुढच्याच मोठ्या शर्यतीत मोडला. धातूची पट्टी आणि २७ स्क्रू घालून तो बसवला, जगातले उत्तम सर्जन होते. आठ महिने झुंज दिली, पण आधी मागच्या डाव्या खुराला लॅमिनायटिस झाला, मग पुढच्याही. जानेवारी २००७ मध्ये त्याला कायमचं शांत करावं लागलं. मोडलेला पाय बराच सुधारला होता.

तुमची घोडी आता चारही पायांवर उभी राहते, म्हणजे सर्वांत वाईट काळ टळला. तरी रोज सकाळी चारही खुरांवर हात ठेवा. खुरावरच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना, मागच्या अंगाला, बोटांनी नाडी चाचपा. निरोगी घोड्यात ती मुश्किलीने लागते. ठणठण उडत असेल, खूर गरम असेल, घोडी पुढचे पाय पुढे ताणून मागे रेलून उभी राहत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. आणि हे सगळं सूर्य उगवायच्या आत करा. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली चारही पाय तापलेलेच असतात, तेव्हाच्या तपासणीला काही अर्थ नाही. तळहातापेक्षा हाताच्या पाठीला गरमपणा लवकर कळतो.

ठाणाचं बोलू. तुमच्या वर्णनावरून घोडी अगाडी-पिछाडीने, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना दोर लावून, बांधलेली असावी, बहुतेकांकडे तसंच असतं. पिछाडी सोडा. दोरात अडकलेली घोडी वळू शकत नाही, भार बदलू शकत नाही, आणि दचकून ओढ घेतली तर दुखरा पाय सापडतो. बारा बाय बारा फुटांची जागा बांबूंनी किंवा बल्ल्यांनी आडोसा करून बंद करा आणि त्यात मोकळी सोडा. तळ मऊ पण खोल नको. गव्हाचं कुटार किंवा लाकडाचा भुसा चार-पाच इंच पसरला तर ती निवांत बसेल, आणि जितकी बसेल तितका पायांना आराम. तिथे तिला दुसरं जनावर दिसलं पाहिजे. एकटी घोडी चकरा मारते, लाथा झाडते. शेजारी एक शेळी बांधली तरी कितीतरी शांत होते, हे मी अनेकदा करवून घेतलंय.

चंदी, म्हणजे दाणा, आजच कमी करा. लग्नाच्या घोडीला आपण तोबऱ्यातून हरभरा-बाजरी भरपूर देतो. काम बंद आणि चंदी चालू, या दोन गोष्टी एकत्र आल्या की पोटशूळ आणि लॅमिनायटिस दोन्ही दारात येतात. साडेतीनशे-चारशे किलोच्या घोडीला सहा ते आठ किलो सुका चारा, सातपुड्याकडचं वाळलेलं गवत मिळालं तर उत्तम, आणि दाणा अर्धा-एक किलोवर. थोडा लसूणघास चालेल. नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर ठेवू नका. लोक हलका म्हणून देतात, पण त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी, महिनोन्‌महिने दिला तर हाडं ठिसूळ होतात. हिरवी कोवळी ज्वारी तर अजिबात नको. कोंबड्यांचं तयार खाद्य आणि मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं गुरांचं खाद्य घोड्याला विष आहे, थोड्यानेही जीव जातो, म्हणून शेजारच्या गोठ्यातलं पोतं उघडं ठेवू नका. चारा एकदम न टाकता दिवसातून चार-पाच वेळा द्या, एक मूठ मीठ ठेवा, आणि पाणी समोर सतत असू द्या. उन्हाळ्यात चाळीस लिटरही कमी पडतं. उभी घोडी पाणी कमी पिते, तिची लीद सुकते, आणि तिथूनच पोटात गच्च बसायला सुरुवात होते. लीद किती वेळा टाकली हे घरात कोणीतरी रोज लक्षात ठेवावं.

आता चालवणं. माझी रीत सांगतो, स्कॅनप्रमाणे ती मागेपुढे होईल. हाडाची चीर नाही हे नक्की झालं की म्होरकी धरून रोज दोन वेळा, पाच ते दहा मिनिटं, नुसतं पाऊल. उजाडायच्या सुमारास आणि दिवस मावळल्यावर. दर आठवड्याला फार तर पाच मिनिटं वाढवा. तिसरा महिना संपता-संपता एका वेळी चाळीस-पंचेचाळीस मिनिटांवर या. घोडी ताजीतवानी असेल, उसळेल. पहिले काही दिवस दोन माणसं ठेवा, लगाम घाला, आणि फारच उधळत असेल तर डॉक्टरांकडून हलकं गुंगीचं औषध घ्या. एका उडीत दोन महिने वाया जातात. तिला मोकळ्या शेतात 'जरा पाय मोकळे कर' म्हणून सोडायचं नाही. चौथ्या महिन्यात, स्कॅन चांगला असेल तर, हलका स्वार बसवून पाऊल. पाचव्या-सहाव्यात दुडकी, पाच मिनिटांपासून, सरळ रेषेत. गोल फिरवणं नको, वळणात आतल्या पायावर पीळ पडतो. हलकी धाव आठव्या-नवव्या महिन्याच्या आधी नाही. नाचणं सर्वांत शेवटी, कारण मागच्या पायांवर उभी राहून घोडी जेव्हा खाली येते तेव्हा सगळा आघात याच कंडरेवर येतो.

जमीन कोणती? घट्ट आणि सपाट. तापीच्या वाळूत घोडा पळवून पाय बळकट करायची आपल्याकडे रीत आहे. निरोगी घोड्याचंही त्यात नुकसान होऊ शकतं, तुमच्या घोडीला तर खोल वाळू पूर्ण वर्ज्य. पाय रुततो, सांधा खाली जातो, दोर ताणतो. काळ्या रानाच्या उन्हाळी भेगांतही नको. पावसाळ्यात तोच रानरस्ता चिखल होतो आणि पाय ओढून काढताना तीच गत. म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत गावाबाहेरची पक्की सडक किंवा मुरमाचा रस्ता. सावकाश पावलाला डांबर चालतं. तिथे पळवायचं नाही एवढंच. या चार महिन्यांत खूर रोज कोरडे करा, ओल्या ठाणात तळवा कुजतो.

फिरून आल्यावर पाय वीस मिनिटं गार पाण्याच्या पाइपखाली धरा. ओलं फडकं गुंडाळून सोडू नका, उन्हात ते तापून शेक बसतो. पट्टी बांधायची असेल तर आधी कापसाची दोन-तीन सेंटिमीटर जाड, सारखी गादी, तिच्यावर पट्टी, आणि दोन्ही पुढच्या पायांना. कापसाला खानदेशात तोटा नाही, पण घरातला सरकीसकट कापूस गाठी करतो आणि गाठीखाली नवी इजा होते. पिंजलेला गुंडाळीचा कापूस घ्या. नीट जमत नसेल तर पट्टी नसलेली बरी.

दर बाजाराच्या दिवशी शिंप्याची टेप घेऊन गुडघ्याखाली दहा आणि पंधरा सेंटिमीटरवर दोन्ही नळ्यांचा घेर मोजा आणि वहीत लिहा. पाय उचलून, अंगठा आणि बोटांच्या चिमटीत कंडरा वरून खाली दाबत या. घोडी कुठे कान मागे टाकते, पाय ओढते, ते लिहा. घेर अर्धा सेंटिमीटर वाढला किंवा सकाळी पाय गरम लागला, तर मागच्या पायरीवर जा आणि दोन आठवडे तिथेच राहा. लंगडण्याची वाट पाहू नका.

नालबंदाला दर सहा आठवड्यांनी बोलवा. खुराचं टोक लांब वाढलं की प्रत्येक पावलाला कंडरेवर जास्त ओढ येते. नालाखाली टाच उंच करणारी पाचर घालावी असं कोणी सुचवेल. काही दुखण्यांत तिचा फायदा होतो, पण तुमच्या घोडीची वरची, म्हणजे कातडीलगतची, कंडरा दुखावली असेल तर टाच उंचावून तिच्यावरचा भार वाढूही शकतो. कोणती कंडरा ते स्कॅन सांगेल, तोवर साधा, सपाट, समतोल खूर.

तर तुमच्या दोन प्रश्नांची थेट उत्तरं. आखाजीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत सहा-सात महिने होतात. त्या वेळी ती फार तर थोडी दुडकी करत असेल. वरात नाही. लंगड्या, जखमी जनावराला कामाला लावणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण मी त्यासाठी सांगत नाही. पुढच्या आखाजीपर्यंतचे आणखी पाच-सहा महिने तिला दिलेत तर पुढची कित्येक वर्षं ती तुमच्या दाराशी काम करू शकेल. या सराईसाठी दुसऱ्याची घोडी भाड्याने आणून वायदे पाळता येतील का, ते आत्ताच बघा. नोव्हेंबरमध्ये वेळ राहत नाही.

सारंगखेड्याला विकायची असेल तर विका, तो तुमचा अधिकार आहे. पण पाय सांगून विका आणि स्कॅनचे फोटो सोबत ठेवा. मार्गशीर्षात तिचा पाय गार असेल, चाल सरळ असेल, कोणालाही दिसणार नाही. घेणारा तिला दुसऱ्याच दिवशी वाळूत पळवेल. दरवर्षी यात्रेनंतर महिनाभरात असे घोडे माझ्याकडे येतात आणि मालक विचारतो की घेताना तर चांगला होता. शिंगरू घेण्याचा विचार केलात तर मात्र घोडीला पाच वर्षं हे वय चांगलं आहे. कंडरा भरत असताना गाभण राहायला हरकत नसते, फक्त शेवटच्या महिन्यांतलं वजन त्या पायावर येईल, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

स्कॅन झाला की त्याचा फोटो आणि दोन्ही नळ्यांचं माप मला पाठवा, त्यावरून चालवण्याचं वेळापत्रक आठवड्यागणिक लिहून देतो. आणि आज संध्याकाळी बाकी काही जमलं नाही तरी पिछाडी सोडा आणि चंदी निम्मी करा.